पायाळू मूल



पायाळू माणसाविषयीं आपल्या समाजांत जितक्या समजुती आहेत, तितक्या क्वचितच दुसऱ्या कोणाविषयीं असतील. पायाळूला जमिनीखालचें पाणी कळतें, गुप्तधन दिसतें, त्याच्यावर वीज पडण्याचें भय असतें, आणि पाठींत उसण भरली असतां पायाळूनें पाय लावला कीं ती तत्काळ जाते, असें आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. ह्या समजुतींत तथ्य किती, हा आजचा प्रश्न नव्हे. त्यांच्या मुळाशीं मात्र एक कटु अनुभव असावा. पायांकडून जन्मास आलेलें मूल सुखरूप जगणें हेंच एके काळीं इतकें अवघड होतें कीं, जें जगलें त्याच्या अंगीं कांहीं अलौकिक शक्ति असली पाहिजे असें लोकांस वाटलें तर नवल नाहीं.

आज पायाळू मूल जगतें, आणि आईहि जगते. पण तें बहुधा शस्त्रक्रियेच्या वाटेनें. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या घरीं सोनोग्राफीचा कागद येतो, त्यावर मूल उलटें आहे असें लिहिलेलें असतें, आणि घरांतील लहानथोरांच्या तोंडीं एकच शब्द येतो : सीझर. लागलीच तारीख ठरते, रजेचे अर्ज जातात, पैशाची जुळवाजुळव सुरू होते. परंतु तो कागद आणि ती तारीख ह्यांच्या मध्यें थोडे दिवस उरलेले असतात, आणि त्या दिवसांत करण्याजोगी एक गोष्ट आहे. निष्णात डॉक्टराला आईच्या पोटावर हात ठेवून, बाहेरूनच, मूल वळवितां येतें व त्याचें डोकें खालीं आणतां येतें. ही गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊक नसते, आणि ठाऊक होते तेव्हां बहुधा वेळ निघून गेलेली असते. म्हणून आज तिच्याविषयीं चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूल उलटें म्हणजे काय, तें पाहूं. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भ पाण्याच्या पिशवींत मोकळेपणानें फिरत असतो. त्या वेळीं चार-पांच मुलांमागें एकाचें डोकें वर व बैठक खालीं असते. त्यांत चिंता करण्यासारखें कांहीं नाहीं. पुढें जागा कमी होत जाते, मूल वाढतें, आणि बहुतेक मुलें आपोआपच डोकें खालीं करून बसतात. दिवस भरत आले म्हणजे शंभरांत तीन-चार मुलेंच उलटीं राहतात. कांहींचे दोन्ही पाय सरळ वर तोंडाजवळ गेलेले असतात, कांहीं मांडी घालून बसावीं तशीं बसलेलीं असतात, आणि थोड्यांचें पाऊल सर्वांच्या आधीं खालीं आलेलें असतें.

असें कां होतें ? वार खालच्या बाजूस असणें, गर्भाशयाचा आकार निराळा असणें किंवा त्यांत गांठ असणें, पाणी फार अथवा कमी असणें, मूल अपुऱ्या दिवसांचें असणें, अशीं कांहीं कारणें सांगतां येतात. परंतु पुष्कळदां कोणतेंच कारण सांपडत नाहीं. हें मुद्दाम सांगण्याचें प्रयोजन असें कीं, आपल्या घरांतून कारण शोधण्याचें काम फार लवकर सुरू होतें आणि तें सुनेपाशीं येऊन थांबतें. ती लोकलच्या गर्दींतून कामावर गेली, तिनें जिने चढले, ग्रहणाच्या दिवशीं ती स्वस्थ बसली नाहीं, एक ना दोन. ह्यांपैकीं कशानेंहि मूल उलटें होत नाहीं. तेव्हां हा दोषारोप आपण सर्वांनीं सोडून द्यावा हें उत्तम.

आतां भय कशाचें, तें ऐका. मुलाच्या शरीरांत डोकें हाच सर्वांत मोठा व कठीण भाग. तें प्रथम आलें म्हणजे मागच्या सर्व अंगास वाट मोकळी होते. मूल उलटें असलें म्हणजे हात, पाय, धड हें सारें बाहेर येतें, आणि मोठें डोकें शेवटीं राहतें. त्याच वेळीं नाळ दाबली जाते, मुलाला मिळणारा प्राणवायु कमी होतो, आणि डोक्याला वाट काढून देण्यास मिनिटेंच उरतात. ह्या मिनिटांत काय करावें हें ज्याच्या हातांत मुरलेलें आहे, त्यानेंच ती प्रसूति करावी.

ही अडचण जुनी आहे, आणि तिच्यावरचा विचारहि जुना आहे. अंबरनाथचें शिवमंदिर इसवी सन १०६० मध्यें उभें राहिलें. सुश्रुतसंहिता त्याहून कितीतरी शतकें जुनी. तींत मूढगर्भाचा, म्हणजे वाटेंत अडलेल्या गर्भाचा, स्वतंत्र विचार आहे, आणि बैठकीकडून आलेला गर्भ वर सारून, पाय सरळ करून काढून घ्यावा असा उपायहि सांगितलेला आहे. हा उपाय प्रसूति अडल्यावरचा होता, हें खरें. तथापि हातानें गर्भाची स्थिति बदलतां येते ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती.

ह्या जुन्या ज्ञानाकडे आधुनिक विद्येच्या दृष्टीनें पाहणारी आपली पहिली स्त्री ह्याच टापूंतली, हें आपल्याला भूषणावह आहे. उल्हासनगराला खेटून असलेल्या कल्याणांत वाढलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांचें पहिलें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें. त्या वेळीं त्यांचें वय चौदा वर्षांचें होतें. पुढें त्या अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें गेल्या, आणि १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्राचीन आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. १८८७ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आंतच, त्यांचें देहावसान झालें, आणि ज्या विद्येसाठीं त्या सातासमुद्रांपलीकडे गेल्या तिचा लाभ इकडील स्त्रियांना त्यांच्या हातून व्हावयाचा राहून गेला.

प्रसूतीपूर्वींच, पोटावरून मूल वळविण्याची रीत युरोपांत एकोणिसाव्या शतकांत व्यवस्थित मांडली गेली. हॅम्बुर्गच्या विगांड ह्या डॉक्टरानें १८०७ सालीं तिच्याविषयीं लिहिलें, आणि पॅरिसच्या पिनार्ड ह्यांनीं १८७८ सालीं आपल्या ग्रंथांत पोट चाचपण्याची व मूल वळविण्याची पद्धति सविस्तर दिली. विसाव्या शतकांत ही रीत पुष्कळ ठिकाणीं चालू होती. परंतु त्या काळीं मूल आंत कसें आहे, वार कोठें आहे, नाळ कोठें आहे, हें दिसत नसे. कित्येकदां आईला भूल देऊन जोर केला जाई. त्यामुळें अपघात झाले, आणि रीत मागें पडली. सोनोग्राफी आली, हृदयाचे ठोके सतत ऐकण्याचें यंत्र आलें, गर्भाशय सैल करणारीं औषधें आलीं, तेव्हां १९८० नंतर ती पुन्हां वर आली.

पुढें २००० सालीं एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅनडांतील डॉ. मेरी हॅना ह्यांनीं २६ देशांतील २,०८८ गर्भवतींची पाहणी केली. ज्यांची शस्त्रक्रिया आधीं ठरविली होती, त्यांच्या मुलांपैकीं शंभरांत १·६ दगावलीं किंवा गंभीर आजारीं पडलीं. ज्यांची नैसर्गिक प्रसूति ठरविली होती, त्यांच्यांत हें प्रमाण ५ होतें. ह्या एका निबंधानें जगांतील प्रसूतिगृहांची चाल बदलली. पायाळू मूल म्हणजे शस्त्रक्रिया, असें समीकरण होऊन बसलें. पुढें त्यांतील कांहीं मुलें दोन वर्षांचीं झाल्यावर पुन्हां तपासलीं, तेव्हां दोन्ही गटांतील मृत्यु व वाढींतील दोष ह्यांत फरक आढळला नाहीं, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु तोंवर नव्या पिढीच्या डॉक्टरांना उलट्या मुलाची नैसर्गिक प्रसूति हातानें करण्याचे प्रसंग येईनासे झाले होते. जी विद्या हातांत राहत नाहीं, ती पुस्तकांत असून उपयोग नसतो.

म्हणूनच मूल आधींच वळविण्याला आज विशेष महत्त्व आलें आहे. मूल सरळ झालें, तर उलट्या प्रसूतीचा धोका आणि शस्त्रक्रिया हीं दोन्ही टाळण्याची संधि मिळते.

आतां हें कसें करतात, तें सांगतों. पहिलटकरणीच्या बाबतींत छत्तिसावा आठवडा पुरा झाल्यावर, आणि जिला पूर्वीं मूल झालें आहे तिच्या बाबतींत सदतिसावा आठवडा पुरा झाल्यावर, हा प्रयत्न करण्याची रीत आहे. त्याच्या फार आधीं केलें, तर मूल पुन्हां उलटण्याचा संभव असतो. आणि कांहीं बिघडून मूल तत्काळ बाहेर काढावें लागलें, तर तें अपुऱ्या दिवसांचें असतें. आधीं सोनोग्राफी करून मुलाची स्थिति, पाणी व वार पाहतात. मुलाच्या हृदयाचे ठोके कांहीं वेळ नोंदवितात. आईला लघवी करून येण्यास सांगून किंचित् कुशीवर कललेल्या स्थितींत निजवितात. गर्भाशयाचे स्नायु सैल पडावे म्हणून बहुधा एक इंजेक्शन देतात. त्यानें आईची छाती थोडा वेळ धडधडते. मग पोटावर तेल किंवा तसला एखादा लेप लावून डॉक्टर एका हातानें मुलाची बैठक ओटीपोटांतून वर उचलतो, दुसऱ्या हातानें डोकें छातीकडे वळवितो, आणि मुलाला सावकाश कोलांटी घेऊं देतो. पुढच्या बाजूनें वळलें नाहीं, तर मागच्या बाजूनें पाहतात. मध्येंमध्यें थांबून ठोके तपासतात. सारें काम थोड्या मिनिटांचें असतें. आईला दाब जाणवतो, कांहींना दुखतें. तिनें थांबा म्हटलें कीं थांबावयाचें, हा नियम आहे. काम झाल्यावर पुन्हां ठोके नोंदवितात. जिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे, तिला अँटी-डी नांवाचें इंजेक्शन द्यावें लागतें. त्यानंतर सर्व ठीक असल्यास ती त्याच दिवशीं घरीं जाते.

यश किती, असें कोणीहि विचारील. ढोबळ मानानें दोघींत एकीचें मूल वळतें. पहिलटकरणींत दहांपैकीं चौघींचें, आणि ज्यांना आधीं मुलें झालीं आहेत त्यांच्यांत दहांपैकीं सहाजणींचें. पाणी पुरेसें असलें, मुलाची बैठक ओटीपोटांत घट्ट बसलेली नसली, आणि पोट सैल असलें, तर संधि अधिक. एकदां वळलेलें मूल पुन्हां उलटणें विरळा. शंभरांत पांचांहूनहि कमी. उलट, कांहीं न करतां नुसती वाट पाहिली, तर छत्तिसाव्या आठवड्यानंतर पहिलटकरणींचीं शंभरांत सुमारें आठच मुलें आपण होऊन वळतात. २०१५ सालीं ह्या विषयावरील आठ प्रयोगांचा, म्हणजे एकंदर १,३०८ स्त्रियांचा, एकत्र विचार करण्यांत आला. त्यांतहि मूल वळविण्याच्या प्रयत्नानें उलट्या प्रसूति व शस्त्रक्रिया दोन्ही कमी होतात असेंच निघालें. मात्र वळलेल्या मुलाची प्रसूति शस्त्रक्रियेवांचून होईलच, अशी हमी कोणी देऊं नये. कळा सुरू झाल्यावर इतर कारणानें शस्त्रक्रिया लागूं शकते.

आणि धोका ? तो लहान आहे, पण आहे. दोनशेंत सुमारें एका स्त्रीच्या बाबतींत मुलाचे ठोके मंदावतात, रक्तस्राव होतो किंवा असेंच कांहीं घडतें, आणि तत्काळ शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढावें लागतें. म्हणून ज्या ठिकाणीं मूल वळवावयाचें, त्या ठिकाणीं शस्त्रक्रियेची खोली सज्ज हवी, भूल देणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा, आणि रक्ताची सोय हवी. लहान प्रसूतिगृहांत भूल देणारे डॉक्टर पुष्कळदां बाहेरून बोलवावे लागतात. तेथें हा प्रयत्न न करणें हाच शहाणपणा. तसेंच जुळीं असल्यास, वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्यास, नुकताच रक्तस्राव झाला असल्यास, पाणी गेलें असल्यास, किंवा मुलाच्या ठोक्यांत दोष दिसत असल्यास मूल वळवूं नये. पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली असल्यास निर्णय जाणत्या डॉक्टरावर सोडावा.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पूर्वीं कांहीं सुइणी पोट चोळून मूल सरळ करीत. त्यांच्या हातांत अनुभव होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु वार कोठें आहे हें त्यांना दिसत नसे, आणि मूल गुदमरूं लागलें तर त्यांच्याजवळ उपाय नसे. आज कोणी घरीं येऊन पोट चोळून मूल फिरवून देतों म्हणेल, तर त्यास नम्रपणें नकार द्यावा. गुडघे व छाती जमिनीला टेकवून ओणवें राहण्याचा व्यायाम पुष्कळजणी सांगतात. त्यानें मूल वळतें असें सिद्ध झालेलें नाहीं. डॉक्टरांना विचारून तो केल्यास हरकत नसावी, पण त्याच्या भरंवशावर दिवस घालवूं नयेत.

शस्त्रक्रियेची निंदा करण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. तिनें असंख्य माता व बालकें वांचविलीं आहेत, आणि मूल वळलें नाहीं तर बहुतेक ठिकाणीं तीच सुरक्षित वाट ठरते. परंतु तिचा हिशेब एका बाळंतपणापुरता करून भागत नाहीं. पहिल्या वेळीं गर्भाशयावर व्रण राहिला, कीं पुढच्या प्रत्येक वेळीं त्याचा विचार करावा लागतो. तो व्रण कळांच्या वेळीं उकलण्याचें भय असतें. क्वचित् पुढची वार त्याच व्रणावर खोल रुतून बसते, आणि मग रक्तस्राव आईच्या जिवावर बेततो. २०१९ ते २०२१ ह्या वर्षांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील शंभर बाळंतपणांपैकीं सुमारें २५ शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळलें. सबंध देशाचा विचार केला, तर सरकारी रुग्णालयांत हें प्रमाण १४, आणि खाजगी ठिकाणीं ४७ होतें. ह्यांतील पायाळू मुलांचा वांटा लहान आहे. परंतु पहिलटकरणीची पहिली शस्त्रक्रिया टळली, तर तिच्या पुढच्या बाळंतपणांतील शस्त्रक्रियाहि टळण्याचा संभव वाढतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्यांत पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आहे. डोहाळजेवण झालें, ओटी भरली, कीं लेक आईकडे येते. सासर पुण्यास किंवा मुंबईस, आणि माहेर अंबरनाथला किंवा बदलापुरास, अशीं घरें ह्या भागांत पुष्कळ. ह्या चालींत माया आहे, विश्रांति आहे, आणि ती मोडावी असें कोणीहि म्हणणार नाहीं. मात्र तिच्यांत एक अडचण आहे. ज्या आठवड्यांत मुलाची स्थिति निश्चित पाहावयाची, नेमक्या त्याच सुमारास डॉक्टर बदलतो. पहिल्या डॉक्टरानें सांगितलेलें असतें कीं, अजून अवकाश आहे, मूल फिरेल. हें त्या वेळीं खरेंच असतें. नवा डॉक्टर प्रथम पाहतो, तोंवर अडतिसावा आठवडा उलटून गेलेला असतो. आणि मधले ते मोलाचे दिवस प्रवासांत, पाहुण्यांत, सामानाच्या आवराआवरींत गेलेले असतात. म्हणून लेकीला माहेरीं आणावयाचें, तर चौतिसाव्या आठवड्याच्या आंत आणावें, सर्व कागद बरोबर असावे, आणि आल्याबरोबर पहिल्या आठवड्यांतच नव्या डॉक्टराकडे नांव नोंदवावें.

खर्चाची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयाचा मार्ग आहे. उल्हासनगरचें मध्यवर्ती रुग्णालय हें ह्या तिन्ही गांवांचें व भोंवतालच्या खेड्यांचें मोठें ठिकाण. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखालीं २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी ठिकाणीं गर्भवतींची विनामूल्य तपासणी करण्याची योजना आहे. आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणें सरकारी रुग्णालयांतील प्रसूति, मग ती शस्त्रक्रियेनें होवो वा नैसर्गिक, विनामूल्य आहे. मूल वळविण्याचा अनुभव प्रत्येक डॉक्टरास असतोच असें नाहीं, आणि नसल्यास त्यांत त्याला कमीपणा नाहीं. तो ज्यास आहे, त्याचें नांव त्याच्याकडूनच विचारून घ्यावें. कल्याण, ठाणें, मुंबई हीं सर्व एकाच लोहमार्गावर आहेत. वेळेवर कळलें, तर तेथवर जाणें अवघड नाहीं.

तेव्हां छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीस जातांना तीन प्रश्न बरोबर न्यावे. मुलाचें डोकें कोठें आहे ? तें वर असल्यास, माझ्या बाबतींत मूल वळविण्यास कांहीं हरकत आहे काय ? आणि हरकत नसल्यास, तें कोठें व केव्हां करतां येईल ? मुलगा कीं मुलगी, हें विचारण्यास व सांगण्यास १९९४ च्या कायद्यानें बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु डोकें कोठें आहे, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईला आहे. हे प्रश्न तिनें स्वतः विचारावे. ती संकोचली, तर नवऱ्यानें विचारावे, सासूनें विचारावे, आईनें विचारावे. उत्तर ऐकून प्रयत्न करावयाचा कीं शस्त्रक्रियेचीच वाट धरावयाची, हें मात्र तिनेंच ठरवावें. कारण पोट तिचें आहे, आणि वेदनाहि तिलाच सोसावयाच्या आहेत.

मूल वळलें तर आनंदच. न वळलें, तरी आईनें आपल्याकडून कांहीं राहिलें असें मानूं नये. शस्त्रक्रिया तेव्हांहि आहे, आणि ती समजून-उमजून, योग्य वेळीं झालेली असेल. जन्मास येणाऱ्या मुलाला पाणी शोधण्याची विद्या लाभो न लाभो. त्यानें सुखरूप यावें, आणि त्याच्या आईनें लवकर उठून हिंडूं-फिरूं लागावें, एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि त्यासाठीं वेळेवर विचारलेला एक प्रश्न पुष्कळदां पुरेसा होतो.